‘वय झालं’ म्हणण्याआधी
(ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरील भाषणाचा मजकूर)



मी पशुवैद्य नाही, हे आधीच सांगतो. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची सहा कर्जत आणि खोपोलीच्या शाखांत. तरी समितीने मला या विषयावर उभं केलं. आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली तशी आपल्याकडची कुत्री-मांजरंही म्हातारी झाली. मुलं पुण्याला, परदेशात गेली आणि त्यांनी हौसेने आणलेली जनावरं आपल्यापाशी राहिली. आता आपले गुडघे दुखतात, त्यांचेही.

कुत्रं जिना चढेना, की आपण म्हणतो, वय झालं. मांजर वाळत चाललं, वय झालं. हे वाक्य मला खटकतं. आमची राणी अकरा वर्षांची असताना फार पाणी प्यायला लागली. वैशाख होता, आणि कर्जतचा वैशाख तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे शेजारी म्हणाले ते पटण्यासारखंच होतं: ऊन, त्यात वय. पण आमच्या सौ.नी भांड्यात पाणी मोजून ओतायला सुरुवात केली. रात्री उरलेलं मोजायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांचे आकडे आले २.७, २.९ आणि २.८ लिटर. राणीचं वजन २४ किलो. डॉक्टर म्हणाले, कुत्रं दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पीत असेल तर कारण शोधलंच पाहिजे. म्हणजे तिची हद्द २.४ लिटर. मग त्यांनी विचारलं, माजावर कधी आली होती? महिनाभरापूर्वी. रक्त तपासलं, सोनोग्राफीला पनवेलला पाठवलं. गर्भाशयात पू झाला होता. नसबंदी न झालेल्या वयस्क कुत्रीला माजानंतर काही आठवड्यांनी हे होतं, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर जीव जातो. शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर राणी सव्वादोन वर्षं जगली, आणि मजेत जगली.

आता उलटी गोष्ट. अमेरिकेतला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. संधिवाताने लंगडणारी ५८ कुत्री. त्यांना औषध म्हणून जे दिलं त्यात औषध नव्हतंच. पायावर किती भार पडतो हे जमिनीत बसवलेल्या यंत्राने मोजलं. यंत्र म्हणत होतं फरक नाही, तरी बऱ्याच मालकांना कुत्रं सुधारलेलं दिसलं. गंमत म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं! बँकेत व्हाउचर लिहिणारा आणि पास करणारा वेगळा का असतो, ते मला इथे नव्याने कळलं. प्रेमाने बघणारा डोळा स्वतःचंच व्हाउचर पास करतो. म्हणून सांध्यांसाठी तेल, पावडर, काहीही सुरू करायचं असेल तर आधी कुत्रं चालतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. महिन्याने त्याच जागी पुन्हा काढा. मग दोन्ही कुणा तिऱ्हाइताला दाखवा, कुठला आधीचा ते न सांगता.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. आपल्या डब्यातली दुखण्याची गोळी जनावराला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्रुफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड बिघडतं. डायक्लोफेनॅकचं तर आपल्या देशाने मोठं मोल दिलं. गुरांना ते सर्रास टोचलं जायचं. मेलेली गुरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. पंधराएक वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक संपली. आज आपल्या रायगडात म्हसळ्याकडे चिरगावला ती जपावी लागतात. कारण २००४ साली सिद्ध झालं आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम सुचवलं, तेही आधी गिधाडांवर तपासून. कुत्र्यांनाही ते देतात, पण मात्रा डॉक्टरांनी ठरवायची, आणि म्हाताऱ्या कुत्र्याचं मूत्रपिंड तपासून.

शेवटच्या निर्णयाबद्दल इथे दोघा-तिघांनी मला खाजगीत विचारलं आहे. आम्ही काय केलं तेवढं सांगतो. कॅलेंडरवर रोज दोनच खुणा: आपणहून उठली का, आवडीने जेवली का. सलग नऊ दिवस दोन्हीकडे फुल्या आल्या तेव्हा डॉक्टरांना घरी बोलावलं. सौ. आणि मी, दोघांपैकी कुणालाही ‘अजून थोडं थांबू’ म्हणता आलं नाही, आणि ‘घाई झाली’ असंही नंतर वाटलं नाही.

राहिलं वजन. लॅब्राडॉर जातीच्या ४८ पिल्लांच्या जोड्या करून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न जन्मभर दिलं, असा एक अभ्यास २००२ साली आला. कमी खाणारी सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांचा संधिवातही उशिरा सुरू झाला. तेव्हा चहाबरोबरची बिस्किटं जरा आवरा. (हे मी आमच्या विंगमधल्या काही जणांकडे बघून बोलतोय, त्यांना कळलं असेल.) मांजर मात्र भरपूर खाऊनही वाळत असेल तर थेट डॉक्टरांकडे जा, थायरॉइड तपासायला सांगा.

वजनकाटा सोसायटीच्या ऑफिसात ठेवला आहे. जनावराला कडेवर घेऊन उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. मोठं कुत्रं उचलायला वॉचमन मदत करेल. वही त्याच्याचकडे आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहा ते बारा.