विषारी मातीतले गवत

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



मी शाळेत भूगोल शिकवतो. नकाशावर खाणी दाखवताना आम्ही मुलांना सांगतो की, येथून तांबे निघते, तेथून शिसे निघते. पण धातू काढून नेल्यावर मागे जी माती उरते तिचे पुढे काय होते, हे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. आज त्या मातीविषयी आणि तीत उगवणाऱ्या एका साध्या गवताविषयी चार शब्द सांगणार आहे.

जादा तांबे अंगाला बाधते, हे आपल्या घरांतील बायकांना पुस्तक न वाचता ठाऊक आहे. म्हणून तर तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावतात. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट कालवण ठेवले की ते कळकते. सुपारीवरील कोळेरोग आवरण्यासाठी कोकणातले बागायतदार मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात. तेथेही बुरशीला मारते ते तांबेच. मात्र हेच तांबे आणि जस्त अगदी अल्प प्रमाणात प्रत्येक झाडाला आवश्यकही असते. शिसे व कॅडमियम या धातूंची झाडाला गरज नसते. यांपैकी कोणताही धातू मातीत फार झाला की मुळांची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात आणि रोप मरते.

ब्रिटनमधील वेल्स प्रांतात शिसे, जस्त व तांबे यांच्या अनेक जुन्या खाणी आहेत. त्या बंद पडल्या, पण टाकाऊ मातीचे ढीग तसेच राहिले. त्यांवर कित्येक दशके बहुतेक वनस्पती उगवल्या नाहीत. तरी कुठे कुठे अॅग्रॉस्टिस नावाचे एक बारीक पात्याचे गवत दिसे. शेजारच्या कुरणात गुरे-मेंढ्या चरत, तेथेही हेच गवत होते. ए. डी. ब्रॅडशॉ या शास्त्रज्ञाने गॉगिनान येथील शिशाच्या खाणीवरचे गवत आणि कुरणातले गवत दोन्ही आणून खाणीच्या मातीत लावून पाहिले. खाणीवरचे गवत वाढले, कुरणातले वाढू शकले नाही. हा निष्कर्ष 1952 साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गवते दिसायला एकसारखी, जातही एकच. फरक होता तो आतल्या गुणात.

हा गुण काम कसा करतो? झाडाला माणसासारखे उठून दुसरीकडे जाता येत नाही. मुळाभोवती जे आहे त्यातच त्याला निभावून न्यावे लागते. त्यासाठी त्याच्याजवळ काही उपाय असतात. पहिला उपाय म्हणजे धातू शक्य तितका बाहेरच अडवणे किंवा आत आलेला पुन्हा बाहेर टाकणे. दुसरा, तो मुळांच्या पेशीभित्तिकेत धरून ठेवणे, म्हणजे पानांपर्यंत कमी पोहोचतो. तिसरा, पेशीच्या आत आलेल्या धातूला बांधून टाकणे. त्यासाठी वनस्पती प्रथिनांसारखे छोटे रेणू तयार करतात. त्यांना फायटोकेलेटिन म्हणतात. 1985 साली जर्मनीतील शास्त्रज्ञांनी ते प्रथम वेगळे केले, तेही आपल्या ओळखीच्या सर्पगंधा या औषधी वनस्पतीच्या पेशींमधून. चौथा उपाय म्हणजे धातू पेशीतील रिक्तिकेत, जणू अडगळीच्या खोलीत, कोंडून ठेवणे. त्यामुळे पेशीचे बाकीचे कामकाज चालू राहते. हे उपाय कमीअधिक प्रमाणात अनेक वनस्पतींत आढळतात. सहनशील गवतात त्यांपैकी काही फार प्रभावी असतात, एवढेच. शिवाय तांबे सोसणारे गवत जस्तही सोसेलच असे नाही.

काही वनस्पती तर धातू पानांत साठवतात. पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावर एक झाड आहे, त्याचा चीक निळसर हिरवा असतो. त्या चिकात निकेल आढळते, आणि सुकवलेल्या चिकाच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा निकेल भरते. हा शोध 1976 साली जाहीर झाला.

आता मुख्य प्रश्न. वेल्समधील गवताला हा गुण मिळाला कोठून? आपल्याला वाटेल की विषारी मातीत राहून राहून प्रत्येक पात्याला त्याची सवय झाली. तसे घडले नाही. वॉली, खान आणि ब्रॅडशॉ या संशोधकांनी साध्या कुरणातले बी तांब्याने दूषित मातीत पेरले. त्यांचे काम 1974 साली प्रसिद्ध झाले. जवळजवळ सर्व रोपे मेली. हजारात जेमतेम एकदोन रोपे तगली. त्यांच्यात तो गुण पेरण्याआधीपासूनच होता. विषाने गुण दिला नाही. ज्यांच्यात गुण नव्हता ती मारून टाकली. उरलेल्यांचे बी पडले, आणि पिढ्यान्‌पिढ्या ढिगावर तेच गवत पसरले. पुढे अल-हियाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये जस्ताचा मुलामा दिलेल्या विजेच्या मनोऱ्यांखाली जस्त सोसणारे गवत दाखवले. मनोरे उभे राहून तेव्हा वीस-तीस वर्षेच झाली होती. म्हणजे निवड झपाट्याने होते. पण मुळात ते विरळ बी असेल तरच. काही जातींच्या बियांत असे एकही रोप निघाले नाही. त्या जाती खाणीवर येऊच शकत नाहीत. आणि या सहनशील गवताला चांगल्या कुरणात लावले, तर साध्या गवतापुढे ते मागे पडते.

येथे पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. झाडाने विष सोसले म्हणजे विष नाहीसे झाले असे नव्हे. जपानमध्ये तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर भातशेती होत असे. वरच्या बाजूच्या खाणीतले कॅडमियम नदीतून शेतांत आले. भात उगवला, पिकला, लोकांनी खाल्ला. आणि माणसांची, विशेषतः वयस्क स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. त्या रोगाचे नाव ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. त्याचे कारण कॅडमियम असल्याचे जपान सरकारने 1968 साली मान्य केले. म्हणून बॅटऱ्या वितळवण्याच्या जागेजवळ किंवा कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेली पालेभाजी हिरवीगार दिसते, एवढ्यावरून ती निर्धोक ठरत नाही. भाजी धुतल्याने वरची धूळ जाते, पानाच्या आतला धातू जात नाही.

ब्रॅडशॉ केवळ निरीक्षण करून थांबले नाहीत. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहनशील गवताचे वाण निवडून बियाणे बाजारात आणवले. शिसे-जस्ताच्या आम्ल मातीसाठी ‘गॉगिनान’, चुनखडीच्या मातीसाठी ‘मर्लिन’, तांब्यासाठी ‘पॅरिस’. हा ‘पॅरिस’ शब्द फ्रान्सच्या राजधानीचा नव्हे, वेल्समधील एका डोंगराच्या नावाचा. पण नुसते बी टाकून भागत नाही, हेही त्यांनी दाखवले. त्या मातीत अन्नद्रव्ये नसतात, खत घालावेच लागते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वस्त्यांमधून, दहा माणसांच्या एका खोलीत अभ्यास करून एखादा मुलगा इंजिनीअर होतो, एखादी मुलगी डॉक्टर होते. आपण त्यांचा सत्कार करतो, तो केलाच पाहिजे. पण लगेच कोणीतरी म्हणते, ‘ज्याला शिकायचे तो कोठेही शिकतो.’ हे म्हणणे म्हणजे खाणीच्या ढिगावरचे एक पाते दाखवून माती चांगली असल्याचा दाखला देणे होय. बाकीच्या नऊशे अठ्ठ्याण्णवांचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. मुले म्हणजे गवताचे बी नव्हे. गवतातला गुण जन्मापासून ठरलेला असतो; मुलाला वेळेवर पुस्तक, दिवा, अभ्यासाला जागा आणि लक्ष घालणारा शिक्षक मिळाला तर ते पुढे येते. यंदा नापास झालेल्या आणि मध्येच शाळा सोडलेल्या मुलामुलींची यादी वर्गशिक्षकांकडे आहे. पालकांनी सत्काराच्या यादीबरोबर तीही मागून पाहावी आणि आपल्या मोहल्ल्यातील एका तरी घरी जाऊन चौकशी करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.