टाकण्यातील यत्न : श्रावकाचे स्वयंपाकघर आणि घरची बाग
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा लेखाजोखा मांडला जाणे स्वाभाविक आहे. मंदिराचा जीर्णोद्धार, पाठशाळा, वैद्यकीय साहाय्य, भोजनशाळा यांची नोंद अशा प्रसंगी आवर्जून होते. मात्र प्रत्येक घरात रोज घडणारी एक क्रिया कोणत्याही अहवालात येत नाही. ती म्हणजे स्वयंपाकघरातील टाकाऊ वस्तू घराबाहेर टाकणे. आजचा विषय त्या क्रियेशी निगडित आहे.

जैन आचारधर्माने काय खावे, केव्हा खावे, पाणी कसे गाळावे, धान्य कसे निवडावे याचा अतिशय सूक्ष्म विचार केला आहे. मुनींच्या पाच समितींमध्ये ईर्या, भाषा, एषणा आणि आदान-निक्षेपण यांच्यानंतर पाचवी समिती येते ती विसर्जनाची. दिगंबर परंपरेत तिला उत्सर्ग किंवा प्रतिष्ठापना समिती म्हणतात, तर श्वेतांबर परंपरेत पारिष्ठापनिका समिती. नाव कोणतेही असो, आशय एकच आहे. जे शरीरापासून अथवा हातून वेगळे करावयाचे, ते जागा पाहून, जीवजंतू नसल्याची खात्री करून, जपून ठेवावे. म्हणजेच टाकणे हीदेखील एक क्रिया आहे आणि तिलाही यत्नाची आवश्यकता आहे.

ही समिती मुनींची असली, तरी गृहस्थाला तिच्यापासून बोध घेता येतो. श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती आहे आणि अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्या, म्हणजे निष्काळजीपणाने केलेली निष्प्रयोजन हिंसा, सांगितली आहे. भाजीची देठे, फळांच्या साली आणि उरलेले अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र बांधून दाराबाहेर ठेवणे, हे आजच्या घरातील प्रमादचर्येचे ठळक उदाहरण मानावे लागेल. त्या बंद पिशवीत काही तासांतच जीवोत्पत्ती सुरू होते. रस्त्यावरची गाय ती पिशवीसकट गिळते. उरलेले सारे गावाबाहेरच्या ढिगावर जाऊन पडते. भारतीय शहरांतील कचऱ्याचा सुमारे निम्मा किंवा त्याहूनही अधिक भाग असा ओला, कुजणारा असतो. ढिगाच्या पोटात तो हवेविना कुजतो, तेव्हा मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो आणि तो ज्वलनशीलही आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतील देवनारच्या कचराभूमीला लागलेली आग अनेक दिवस धुमसत होती आणि तिचा धूर आसपासच्या वस्त्यांना सोसावा लागला. पुण्याच्या कचऱ्यापायी उरुळी देवाची व फुरसुंगी येथील ग्रामस्थांना वर्षानुवर्षे आंदोलन करावे लागले. घराचा उंबरठा ओलांडला म्हणजे पिशवीची जबाबदारी संपली, असे म्हणता येत नाही.

येथे एक प्रामाणिक शंका उपस्थित होते आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. एखाद्या घराची कल्पना करावी. सून सज्जात खताची बादली ठेवू इच्छिते. सासूबाई म्हणतात, "अगं, त्या बादलीत जीव पडतील. ते पाप कुणी घ्यायचं?" सून उत्तर देते, "आई, रोज पिशवीत बांधून देतो, त्यात जीव पडत नाहीत का? तिथे ते आपल्याला दिसत नाहीत, एवढंच."

या संवादात दोघींचेही म्हणणे खरे आहे. कुजणे ही असंख्य सूक्ष्म जीवांची क्रिया आहे. घरचे खत पूर्णतः अहिंसक आहे, असा दावा कोणी करू नये. माती, पाणी आणि वनस्पती यांनाही जैन दर्शनाने जीव मानले आहे. म्हणून सर्वसंगपरित्यागी मुनींना हे कार्य वर्ज्य आहे. गृहस्थाची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी शास्त्रकारांनी संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार भेद केले. संकल्पी हिंसेचा त्याग श्रावकाने करावयाचाच असतो. घरसंसारातील आरंभी हिंसा त्याने यत्नपूर्वक कमी करावयाची असते. तेव्हा बादली ठेवावी की ठेवू नये एवढाच प्रश्न नाही. अटळ असलेली क्रिया डोळ्यांआड, बेफिकिरीने करावी की डोळ्यांसमोर, जपून करावी, हा खरा प्रश्न आहे.

जपून करण्याची पहिली पायरी म्हणजे टाकण्याजोगे उरूच न देणे. ताटात हवे तेवढेच वाढून घेणे आणि जेवणानंतर ताट धुऊन ते पाणी पिणे, ही अनेक जैन घरांतील जुनी रीत आहे. शिजवलेले, खारट, तेलकट अन्न खताच्या बादलीत जाऊ नये. त्याने दुर्गंधी आणि किडे दोन्ही वाढतात. बादलीत जावे ते केवळ कच्च्या भाज्यांचे व फळांचे अवशेष. भाजी निवडताना त्यात अळी आढळली, तर ती पानासह अलगद झाडाखाली सोडावी.

दुसरी पायरी सुक्या पानांची. ओल्या अवशेषांत नत्र अधिक असते, तर वाळलेल्या पानांत कर्ब. एक भाग नत्रास सुमारे २५ ते ३० भाग कर्ब असे प्रमाण असेल, तर कुजण्याची क्रिया दुर्गंधीविना होते. व्यवहारात हे प्रमाण मोजण्याची गरज नाही. एक वाटी ओल्या सालींवर दोन ते तीन वाट्या चुरलेली सुकी पाने, एवढे पुरते. बाजूंना व तळाला छिद्रे पाडलेली सुमारे वीस लिटरची बादली घ्यावी. तळाशी नारळाच्या शेंड्या आणि सुकी पाने पसरावीत. रोजच्या साली बारीक चिरून टाकाव्यात आणि लगेच सुक्या पानांनी पूर्ण झाकाव्यात. प्रारंभी मूठभर जुने खत किंवा थोडे आंबट ताक घातल्यास क्रिया लवकर सुरू होते. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. आठवड्यातून एकदा हलक्या हाताने खालीवर करावे. बादली भरल्यावर दुसरी सुरू करावी. दोन ते तीन महिन्यांत पहिल्या बादलीत पावसानंतरच्या मातीसारखा वास येणारे काळपट खत तयार होते.

बादलीत अळ्या दिसल्या, तर ओल अधिक झाली आणि झाकण्यात हयगय झाली, असे समजावे. अशा वेळी ते खत कडक उन्हात पसरू नये. त्यात सुकी पाने मिसळून सावलीतील मोकळ्या मातीत द्यावे. हे सारे काम दिवसाउजेडी, नीट पाहूनच करावे. विकतचे गांडूळ आणून डब्यात कोंडण्याचे काहीच कारण नाही. मोकळ्या मातीत ती आपसूक येतात आणि आपल्या इच्छेने राहतात.

सुकी पाने वर्षभर कोठून मिळणार? माघ-फाल्गुनात रस्तोरस्ती पानगळ होते आणि झाडलेले ढीग पेटवून दिले जातात. त्या आगीत पानांखाली आश्रय घेतलेले किती जीव जळतात, याचा विचार सहसा होत नाही. तीच पाने दोन-तीन पोत्यांत भरून ठेवल्यास एका कुटुंबाला ती कितीतरी महिने पुरतात आणि एक होळीही टळते.

तिसरी पायरी पुनर्लागवडीची. स्वयंपाकघरातील अवशेषांपासून रोपे वाढविण्याच्या याद्या सर्वत्र वाचावयास मिळतात. त्यांत कांदा, लसूण, बटाटा, आले, रताळे यांचाच भरणा असतो. कंदमुळे अनंतकाय मानणाऱ्या घरांना त्या याद्या उपयोगाच्या नाहीत. गाजर किंवा मुळ्याचा शेंडा पाण्यात ठेवला, तरी त्याला केवळ पाला फुटतो. कंद पुन्हा येत नाही. जैन स्वयंपाकघराची यादी वेगळी करावी लागते आणि ती काही कमी समृद्ध नाही.

पुदिन्याची पाने खुडल्यावर उरलेल्या काड्यांपैकी चार-पाच इंचांच्या जून काड्या पाण्यात ठेवाव्यात. आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. पाणी गाळलेले असावे आणि ते एक दिवसाआड बदलावे. मायाळूच्या आणि पानओव्याच्या काड्याही अशाच रुजतात. गवती चहाच्या बुडख्याला थोडी मुळे असतील, तर तो वर्षानुवर्षे पुरतो. मात्र पाण्यात अन्नद्रव्ये नसतात. काडी स्वतःच्या साठ्यावर काही काळ तग धरते, म्हणून मुळे दिसताच तिला मातीत लावावे.

बियांचा मार्ग याहून सोपा आहे. डब्यातील धणे हलके रगडून दोन दले वेगळी केली की त्यांपासून कोथिंबीर उगवते. मेथीदाणे तीन-चार दिवसांत उगवतात आणि सुमारे महिन्याभरात भाजी हाती येते. पिकलेल्या टोमॅटोच्या बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात. मिरची, दुधी, दोडका, कारले यांच्या बिया पूर्ण जून फळातूनच घ्याव्यात. संकरित वाणाच्या बियांपासून येणारे फळ मूळ फळासारखे असेलच असे नाही. पपईची तीन-चार रोपे एकत्र लावावीत, कारण त्यांतील काही नर निघतात आणि त्यांना फळ धरत नाही. अननसाचा तुरा रुजतो, परंतु फळासाठी दीड-दोन वर्षे धीर धरावा लागतो. पालेभाज्यांना तीन-चार तासांचे ऊन पुरते. फळभाज्यांना पाच-सहा तास हवे. चातुर्मासात ज्या घरी हिरव्या पालेभाज्यांचा त्याग असतो, त्यांनी त्या काळात पेरणी थांबवून केवळ खत साठवावे.

चौथी पायरी रोपांच्या पोषणाची आणि येथे श्रावकाने विशेष सावध राहावे. 'सेंद्रिय' हा शब्द पाहून खत निर्दोष आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात हाडांचा चुरा, मासळीचे खत आणि कत्तलखान्यातील रक्ताची भुकटी हीदेखील सेंद्रिय खतेच गणली जातात. तयार मिश्रणांतही हाडांचा चुरा घातलेला असतो. अंड्यांची टरफले घालण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. तेव्हा पिशवीवरील घटक वाचल्याविना कोणतेही खत घरात आणू नये. त्यांच्या जागी कडुनिंबाची किंवा भुईमुगाची पेंड, चुलीची चाळलेली राख आणि घरचे खत पुरेसे आहे. राख क्षारयुक्त असल्याने चिमूटभरच द्यावी. कुंडीत एकतृतीयांश खत मिसळावे आणि पुढे दरमहा मूठभर द्यावे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी ताजे असतानाच द्यावे, मिठाचे कधीही देऊ नये. चहाचा चोथा दूध-साखर निघेपर्यंत धुऊन, वाळवून मगच वापरावा. केळीच्या सालीत पालाश असते. ती चिरून खतात घालणे सर्वांत उत्तम.

नत्र अधिक झाले की कोवळी फूट माजते आणि मावा येतो. मग फवारणीचा, म्हणजे जाणूनबुजून जीव मारण्याचा मोह होतो. त्यापेक्षा खत बेताने द्यावे, रोपांत अंतर ठेवावे आणि मावा दिसताच तो शेंडा अलगद छाटून दूर ठेवावा. एखादे रोप गमावले, तरी ते सोसावे. कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नये. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. थाळी कोरडी ठेवली, तर त्यांना मारण्याचा प्रसंगच येत नाही.

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज मोठ्या प्रमाणावर शेतकरी आहे. भगवान आदिनाथांनी असि, मसि, कृषी आदी षट्कर्मे शिकविली, ही त्याची श्रद्धा आहे. याच कोल्हापूर परिसरात गणिताचे अध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून सूर्यप्रकाश आणि काडीकचरा यांच्या बळावर थोड्या जागेत विपुल पीक घेण्याचे शास्त्र सामान्य माणसापर्यंत नेले. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी त्याच विचाराने तेथील ओला कचरा जिरवून बाग फुलविली. एका मोठ्या उपाहारगृहाला जे साधले, ते संस्थेच्या भोजनशाळेला आणि चार माणसांच्या घराला न साधण्याचे कारण नाही.

त्या घरातील सासूबाईंनी अखेर बादलीला संमती दिली, असे मानू या. त्यांच्या अटी मात्र तीन असतील: उष्टे घालायचे नाही, अंधारात हात घालायचा नाही आणि झाकल्याशिवाय उठायचे नाही. पाणी गाळून पिणाऱ्या, दिवस मावळण्यापूर्वी जेवणाऱ्या घराला या अटी नव्याने शिकवाव्या लागत नाहीत. चुलीपाशी आणि पाणवठ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जपलेला यत्न कचऱ्याच्या बादलीपर्यंत नेणे, एवढेच शिल्लक आहे. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी प्रत्येक घराने या एका बादलीचा नियम घ्यावा, हीच नम्र विनंती.

जय जिनेंद्र.