आमदारांपुढं काय मांडायचं : सौरवीज, हवामान कायदा आणि आपली जमीन

(कळमनुरी तालुक्यातील गावबैठकीत संघटनेच्या वतीने केलेले भाषण)



नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी आपण आमदारांना भेटणार आहोत. या खेपेला वनहक्काच्या जोडीला नवा विषय आहे. काही जण म्हणतात, वीज अन् हवामान हे शिकलेल्यांचं काम, आपण काहून त्यात पडायचं? म्हणून आज तेवढंच बोलतो.

पाऊस बिघडला हे आपल्याला कुणी शिकवायला नको. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, सोयाबीन पाण्याखाली गेलं. पंचनामा मात्र सातबारा बघून होतो. गायरान कसणारा, वनदावा पडून असलेला, बटईनं करणारा, यांचं वावर खरडून गेलं तरी कागदावर काहीच गेलेलं नसतं. 

२१ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टानं माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा घटनेच्या कलम १४ व २१ मधला हक्क आहे. त्याच निकालात हेही नोंदवलं की या विषयावर देशात एकछत्री कायदा नाही. म्हंजे हक्क आहे, पण तो मागायचा कुठल्या कायद्याखाली? असा कायदा व्हावा असं आमदारांनी सभागृहात उभं राहून म्हटलं पाहिजे. "हे दिल्लीचं काम" असं उत्तर आलं तर सांगा, साहेब, वीज समवर्ती सूचीत आहे अन् जमीन राज्याच्या सूचीत. दोन्हीवर तुम्हाला बोलता येतं.

आता सौरऊर्जा. आमचा विरोध नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. नाहीतर विकासविरोधी म्हणून बोळवण होते, ही त्यांची जुनी सवय. रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला जाताना इंचू-काट्याचं भेव काय असतं ते आपल्यालाच ठाऊक. दिवसा वीज आपल्यालाही पाहिजे. सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे. ते मिळतं खातेदाराला. योजनेसाठी सरकारी जमिनीही घेतल्या जातात, त्यात गायरानंही आहेत. तिथं दोन-दोन पिढ्या कसणारा माणूस भाड्याच्या हिशेबात कुठंच नाही. सौर पंपाचंही तसंच. आदिवासी शेतकऱ्यानं फक्त ५ टक्के भरायचे, बाकी सरकार भरतं. चांगली गोष्ट आहे. पण अर्जाला सातबारा जोडा म्हणतात, अन् घोडं तिथंच अडतं.

आणखी एक. सौर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी लागत नाही. हिंगोलीत एकही गाव अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसाही लागू नाही. कळमनुरीला आदिवासी प्रकल्प कार्यालय आहे, पण आपल्या आंध गावांना पेसाचं संरक्षण नाही. मग गावाला विचारणार कोण? म्हणून आमची मागणी अशी : गायरानावर पॅनेल बसवण्याआधी कसणाऱ्यांची यादी व्हावी, वनदावे निकाली निघावेत, अन् ग्रामसभेच्या संमतीशिवाय खांब रोवू नये.

ही मागणी काही अचाट नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) काढून दाखवा. गावाच्या सोयीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, त्या यादीत शाळा, अंगणवाडी, तळं यांच्यासोबत अपारंपरिक ऊर्जाही आहे. त्याला ग्रामसभेची शिफारस पाहिजे. जंगलात चालतं ते गायरानात का चालू नये?

आपल्या जिल्ह्यात वसमत, कळमनुरी, हिंगोली हे तीन मतदारसंघ, तिन्ही सर्वसाधारण. २८८ पैकी २५ आमदार आदिवासींच्या राखीव जागांवरचे, त्यात आपल्या जिल्ह्यातला एकही नाही. पण मतं आपलीही मोजली जातात. तेव्हा तिघांकडंही जायचं, पक्ष बघायचा नाही. बायांनी पुढं बसायचं, कारण पाण्याचं अन् सरपणाचं त्याच नीट सांगतात. "बघू, करू" यावर उठायचं नाही. तारांकित प्रश्न टाकणार की लक्षवेधी लावणार, हे त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं अन् तिथंच वहीत लिहायचं.

जाण्याआधी प्रत्येक गावानं ग्रामसभेचा ठराव करावा. सह्या-अंगठे पुरे घ्यावेत. एक प्रत आमदाराला, एक तहसीलला, अन् तिसरीवर दोन्हीकडची तारखेसकट पोच घेऊन ती गावात ठेवावी.