रायफलीचं वजन कुठून काढायचं?

मी कुंभकोणमहून बोलतोय. आमची माणसं एकोजीराजांच्या काळात तंजावरकडे आली, त्यामुळे माझ्या मराठीत मधेच तमिळ डोकावेल. चालवून घ्या. पायदळात नोकरी झाली म्हणून मला शस्त्रांवर बोलायला सांगितलंय. लढाईवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे शिकारीच्या रायफलीवर, आणि तीही हलक्या रायफलीवर.

विषय निघाला पुतण्यामुळे. तो न्यूझीलंडला ख्राइस्टचर्चमध्ये असतो. एका रविवारी त्याचा फोन आला, "काका, मला हलकी बोल्ट ॲक्शन रायफल बांधून घ्यायचीय. अडीच किलोच्या आत." मी विचारलं, कशासाठी? म्हणाला, ताहरसाठी. आता ही गंमत बघा. हिमालयातला ताहर, म्हणजे रानबकऱ्यासारखं जनावर, 1904 साली न्यूझीलंडच्या माउंट कुकजवळ सोडला गेला. तिथं वटवाघळं सोडली तर जमिनीवरचं मूळचं सस्तन जनावरच नव्हतं. ताहरनं डोंगरावरची झाडंझुडपं खाऊन फडशा पाडला. म्हणून सरकारनं 1993 मध्ये आराखडाच केला, की ताहर दहा हजारांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. तिथं परवाना घेऊन शिकार करणं हे एक प्रकारे डोंगर राखण्याचं काम. आणि आपल्याकडे निलगिरी ताहर हा तमिळनाडूचा राज्यप्राणी, त्याच्यावर नेम धरला तर थेट तुरुंग. दोघांचं नाव सारखं असलं तरी नातं लांबचं आहे, हे जाता जाता सांगतो.

ताहर राहतो कड्यांवर. दिवसभर चढायचं, गोळी झाडायची एक किंवा दोन, आणि मग मांस पाठीवर घालून उतरायचं. अशा माणसाला रायफल हलकी हवी हे बरोबरच आहे. पण वजन कुठून काढायचं, हा खरा प्रश्न. इथं मी एकदा चुकलेलो आहे. ते आधी सांगतो.

आमच्या आप्पांकडे .315 ची रायफल होती, इशापूरच्या कारखान्यातली. ॲक्शन ली-एनफिल्डचीच, पण काडतूस वेगळं. कारण .303 हे फौजेचं काडतूस, ते इंग्रजांनी सामान्य माणसाच्या हाती पडू दिलं नाही, आणि स्वतंत्र भारतानंही नाही. म्हणून आठ मिलिमीटरचं .315 आलं. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं असत. लहानपणी मला वाटायचं हे कुठलं विलायती नाव. पुढे कळलं, ते आपल्या पुण्याजवळचं खडकी! आप्पा तरुणपणी शिकार करत. 1972 चा वन्यजीव कायदा आल्यावर त्यांनी ती सोडली, एका शब्दानं कुरकुर केली नाही. मग महिन्यातून एकदा रेंजवर जाऊन कागदावर दहा गोळ्या मारायच्या, एवढाच नाद उरला.

सत्तरी ओलांडली तशी रायफल त्यांना जड व्हायला लागली. मी तेव्हा मेजर होतो, म्हणजे सगळं कळतं अशा वयात. सुटीवर आलो आणि म्हटलं, आप्पा, मी हलकी करून देतो. नळी कापायला कायद्यानं बंदी आहे, शस्त्र कायद्याचं सहावं कलम, त्यामुळे तिला हात लावला नाही. परवानाधारक कारागिराकडून नवा लाकडी दस्ता करून घेतला, बारीक, आतून पोखरलेला. जुन्या दस्त्याखालचा पितळी पत्राही गेला. अर्ध्या किलोहून जास्त वजन उतरलं. मी खूश.

झालं काय, की मागचं वजन गेलं आणि नळी होती तेवढीच राहिली. रायफल पुढे झुकायला लागली. म्हणजे तराजूवर हलकी, हातात जड. दुसरं, गोळी तीच, दारू तीच, वजन मात्र कमी, म्हणजे धक्का वाढणारच. साधा हिशोब आहे: चार किलोची रायफल तीन किलोची केली, तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशानं वाढते. म्हाताऱ्या खांद्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि तिसरं म्हणजे आमची हवा. ऐप्पसी-कार्तिकैचा पाऊस सुरू झाला की कावेरीकाठी दारं-खिडक्या फुगतात. ते बारीक लाकूडही फुगलं, नळीला एका बाजूनं टेकलं, आणि झीरो सरकला. आप्पांच्या गोळ्या वीतभर डावीकडे जायला लागल्या. त्यांना वाटलं, नजर गेली. मला पत्रात एवढंच लिहिलं, की आता रेंजवर जाणं थांबवलंय. मी खरं कारण शोधेपर्यंत पुढची सुटी आली, आणि तोवर त्यांचा हात खरोखरच थरथरायला लागला होता.

हे पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, काका, आता कार्बन फायबरचे दस्ते आहेत, ते फुगत नाहीत. खरं आहे. पण चूक लाकडाची नव्हती, माझी होती. पूर्ण झालेल्या वस्तूतून मी वजन खरवडून काढत होतो. माझ्या घरापासून स्वामीमलै सात-आठ किलोमीटरवर आहे. तिथले स्थपती मूर्ती आधी मेणाची करतात, त्या मेणाचं वजन करतात आणि त्यावरून धातू किती लागेल ते काढतात. ओतल्यावर कानस फिरते ती नक्षीसाठी, वजन कमी करायला नव्हे.

हीच चूक मोठ्या लोकांनीही केलीय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी नंबर चार रायफल हलकी करून 1944 मध्ये नंबर पाच काढली, तिलाच पुढे जंगल कार्बाइन म्हणू लागले. चार किलोच्या वरची रायफल सव्वातीन किलोच्या आसपास आणली. नळी आखूड केली, लोखंडी अंगातून जिथं जमेल तिथं धातू खरवडला, बोल्टची मूठसुद्धा पोखरली. दिसायला काय देखणी! पण धक्का जबर, तोंडाशी आवाज आणि ज्वाळा भयंकर, आणि हिचा झीरो टिकत नाही अशी तक्रार. कारणांवर आजही वाद आहेत, पण 1947 मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

उलट उदाहरण पश्चिम व्हर्जिनियातल्या मेल्विन फोर्ब्सचं. त्यानं 1980 च्या दशकात कोरा कागद घेतला. काडतुसाच्या लांबीला बेताची पुरेल एवढीच ॲक्शन बनवली, वजन वीस औंस, म्हणून तिचं नावच मॉडेल 20. दस्ता केवलार आणि ग्रॅफाइटचा, नळीला टोकापर्यंत धरून ठेवणारा. दुर्बिणीशिवाय अख्खी रायफल पाच पाउंडांच्या आसपास, म्हणजे सव्वादोन किलो. आणि ती नेम धरायची.

मग आमचे फोन सुरू झाले, रात्री, कारण तिकडची सकाळ. त्याला सातचं मॅग्नम काडतूस हवं होतं. मी म्हटलं, अडीच किलोत मॅग्नम घालशील तर दुसऱ्या गोळीला डोळे मिटशील. फौजेत हे रोज बघितलंय. नेम चुकतो तो बहुधा धक्क्यानं नाही, धक्क्याच्या धास्तीनं. चंपावतची वाघीण मारल्यावर 1907 मध्ये जिम कॉर्बेटला जी रिग्बी रायफल भेट मिळाली ती .275 ची होती, म्हणजे सात मिलिमीटरचं जुनं माउझर काडतूस, धक्का सौम्य. कॉर्बेटला पुरलं ते तुला पुरेल. शेवटी तो 6.5 क्रीडमूरवर आला.

चापाबद्दलही बोललो. अडीच किलोच्या रायफलीचा चाप ओढायला दोन किलोचा जोर लागत असेल, तर बोट चाप ओढत नाही, रायफल ओढतं. जड रायफल हे खपवून घेते, श्वास आणि नाडीचे ठोकेसुद्धा. हलकी घेत नाही. म्हणून चाप किलोभराचा, स्वच्छ तुटणारा. नळी बारीक चालेल, कारण ती तापून भरकटायच्या आत त्याच्या दोन गोळ्या झालेल्या असतील. तीच नळी फौजेत चालणार नाही. आणि पैसे घालायचे तर आधी ॲक्शन आणि नळीत. टायटॅनियमचे स्क्रू हा निव्वळ हौसेचा भाग, त्यात ग्रॅमही मोजकेच वाचतात. जुळवणी मात्र तिथल्या गनस्मिथकडूनच करून घ्यायची, हे मी बजावलं.

रायफल झाली. नुसती भरली दोन किलो साडेचारशे ग्रॅम. त्याचा फोटो आला, काट्यासकट. मी लिहिलं, आता दुर्बीण, सायलेन्सर, पट्टा, काडतुसं घालून पुन्हा वजन कर. सायलेन्सर तिकडे सर्रास वापरतात, कानासाठी. उत्तर यायला दोन दिवस लागले: तीन किलो साडेतीनशे. "काका, हे आधी का नाही सांगितलंत?" आधी सांगितलं असतं तर आणखी नऊशे ग्रॅम खरवडायला निघाला असता, माझ्यासारखा.

पहिल्या खेपेला तो चार दिवस डोंगरात फिरला आणि एकही गोळी न झाडता परत आला. एक नर दिसला होता, पण वारा फार होता आणि रायफल हातात स्थिर राहिना. नेम सोडून दिला म्हणाला. ते ऐकून मला बरं वाटलं. पुढच्या खेपेपासून पाठपिशवीवर रायफल टेकवून, आडवं पडून नेम धरायची सवय करतोय.

आप्पांच्या रायफलीला मी त्यांच्या मागे जुना दस्ता परत बसवून घेतला, पितळी पत्र्यासकट. परवाना आता माझ्या नावावर आहे. वर्षातून दोनदा तेल देतो. निवडणूक जाहीर झाली की नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा करायला नेतो. तिथला हवालदार पावती लिहिण्याआधी ती दोन्ही हातांनी उचलून बघतो आणि म्हणतो, "कनमा इरुक्कु, सर." जड आहे, साहेब.