दर वर्षी १९ सेकंद

अभिजित तारा ओळखत असाल, तर त्याच्या शेजारचा शेलियाक सापडायला वेळ लागणार नाही. नुसत्या डोळ्यांना एकच दिसतो, पण तिथे दोन तारे एकमेकांना खेटून फिरताहेत. त्यांचं तेज कमी-जास्त होतं, हे १७८४ साली इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात जॉन गुडरिकने टिपलं. कानांनी अधू असलेल्या या मुलाने तेव्हा विशीही गाठली नव्हती!

यांतला एक तारा वयानुसार फुगला. प्रत्येक ताऱ्याच्या ओढीला एक हद्द असते, तिला रोश लोब म्हणतात. ती ओलांडली की बाहेरचा वायू शेजाऱ्याकडे वाहू लागतो आणि त्याच्याभोवती जाड तबकडी धरतो. देणारा मुळात वजनदार होता. आज त्याच्याकडे सूर्याच्या सुमारे तिप्पट वस्तुमान उरलंय, घेणाऱ्याकडे सुमारे तेरापट.

खरी गंमत कक्षेची आहे. देणारा जड असतो तोवर दोघं जवळ सरकतात, त्यामुळे गळती आणखी वाढते. पारडं फिरलं की उलटं घडतं. कोनीय संवेग राखायचा, तर अंतर वाढवण्यावाचून गत्यंतर नाही. शेलियाकची प्रदक्षिणा सुमारे १२.९ दिवसांची, आणि ती दर वर्षी १९ सेकंदांनी लांबतेय. गुडरिकच्या काळापासून सव्वा तासाची भर पडली. ताऱ्यांच्या आयुष्यात इतका झपाट्याने झालेला बदल क्वचितच मोजायला मिळतो.

२००८ साली कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या 'चारा' दुर्बिणींनी हे दोघं प्रथमच वेगवेगळे दाखवले.