तीन इंची पॅडचा हिशेब

(दिंडोशी येथे भरलेल्या कार डीटेलिंग कारागिरांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षानं व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावं अशी रीत आहे. पण कोटिंग, पीपीएफ, विजेवरच्या गाड्या यांवर सकाळपासून भरपूर बोलून झालंय. मी एका लहान वस्तूवर बोलणार आहे: तीन इंची आणि त्याहून लहान पॉलिशिंग पॅड, आणि ते फिरवणारं मशीन. आपल्या दुकानांत मोठं मशीन चार जणांना विचारून घेतलं जातं, आणि लहान मशीन रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघून मागवलं जातं. रंग जळतो तो मात्र बहुतेक वेळा लहान मशीनखालीच.

हा विषय दिंडोशीत मांडायला मला आवडतं, कारण गाडीच्या रंगाचे सगळे शत्रू इथे एका ठिकाणी राहायला आहेत. एका अंगाला आरेची झाडी आणि फिल्म सिटी, दुसऱ्या अंगाला पश्चिम द्रुतगती महामार्ग, त्याच्यावर २०२२ पासून धावणारी मेट्रो सात, आणि आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचं काम. झाडांवरून चीक आणि कावळ्याची शीट पडते, कामांवरून सिमेंटची आणि दगडाची भुकटी येते. मालाडचा दगड तसा नावाजलेला. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, बांधताना कुर्ल्याच्या काळ्या दगडाबरोबर इथला पिवळसर दगड वापरला. भिंतीत तो शोभतो, बोनेटवर नाही. वाळूतली गारगोटी काचेवरसुद्धा चरा काढते, तिथे रंगावरच्या क्लिअर कोटचं काय घेऊन बसलात!

मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेतून इथे सामान्य माणसाला घरं मिळवून दिली. त्या वसाहतींच्या गल्ल्यांतही आज गाड्या उभ्या आहेत. पहाटे गाडी धुणारा येतो. एक बादली, एक फडकं, आणि ओळीनं गाड्या. पहिल्या गाडीची धूळ तिसऱ्या गाडीवर घासली जाते. वर बोअरवेलचं जड पाणी, त्याचे पांढरे डाग. त्या माणसाला मी दोष देणार नाही, त्याला जेवढे पैसे मिळतात तेवढ्यात तो जेवढं करतो ते पुष्कळ आहे. पण गाडी उन्हात आली की बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल चरे दिसतात, ते या फडक्यानं दिलेले असतात. आणि ते फक्त बोनेटवर नसतात. दाराच्या हँडलमागच्या वाटीत नखांचे ओरखडे असतात, आरशाच्या कवचावर असतात, पिलरवर, नंबरप्लेटच्या खोबणीत, बंपरच्या जाळीभोवती, स्पॉयलरच्या खाली असतात. सहा इंची पॅड तिथे शिरत नाही. गिऱ्हाईक मात्र हँडलला रोज हात लावतं.

पूर्वी हा प्रश्न एवढा बोचरा नव्हता. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीवर एकाच जातीचा जाड रंग असायचा. रबिंग केलं की फडक्यावर गाडीचाच रंग उतरायचा, आणि खालून तोच रंग पुन्हा वर यायचा. डेंटिंग-पेंटिंगवाला हातानंच रबिंग मारायचा आणि त्यात कोपरेकानेही यायचे. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. आजच्या गाडीवर रंगाचा थर वेगळा आणि त्याच्यावर पारदर्शक क्लिअर कोट वेगळा. कारखान्यातून आलेला सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यातला क्लिअर कोट ४०-५०. माणसाचा केस याहून जाड असतो. एका कडक कटिंगमध्ये दोन-तीन मायक्रॉन सहज जातात. तेवढ्या भांडवलावर ती गाडी पुढची दहा-बारा वर्षं उन्हात काढणार आहे. आपण पॉलिश करतो म्हणजे त्या भांडवलातून खर्च करतो. किती कमी खर्चात काम भागवलं, यात आपली कारागिरी आहे.

आता थोडं गणित. पोरांनो, वहीत लिहून घ्या, कारण मशीन विकणारा हे सांगत नाही.

१५० मिलिमीटरच्या पॅडचं क्षेत्रफळ साधारण १७७ चौरस सेंटिमीटर. ७५ मिलिमीटरच्या पॅडचं ४४, म्हणजे निम्मं नव्हे, पाव. ५० मिलिमीटरचं २०, आणि ३० मिलिमीटरचं अवघं सात. तुमचा हात तोच आहे, दोन किलोचा दाब देतो असं धरा. मोठ्या पॅडखाली दर चौरस सेंटिमीटरला ११ ग्रॅम दाब पडतो. तीन इंचीखाली ४५. ३० मिलिमीटरच्या पॅडखाली २८० ग्रॅम. हाताला काहीच फरक कळत नाही, रंगाला पंचवीसपट कळतो. म्हणून लहान मशीन दोन बोटांनी आणि अंगठ्यानं धरायचं असतं, मुठीनं नाही.

वेगाचं उलटं आहे. रोटरी मशीन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर असेल, तर सहा इंची पॅडची कड सेकंदाला सुमारे १२ मीटर धावते, तीन इंची पॅडची सहा. म्हणजे त्याच आकड्यावर लहान पॅड कमी कापतं. पोराला वाटतं काम होत नाहीये. मग तो डायल वाढवतो किंवा अंग टाकतो, बहुतेक वेळा दोन्ही करतो. तिथेच घात होतो. अरुंद जागेत पॅड त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा येतं, उष्णता पसरायला आजूबाजूला पत्रा नसतो. बंपर असेल तर तो प्लास्टिकचा, उष्णता वाहून नेतच नाही. आणि आपलं नेहमीचं मायक्रॉन मोजायचं मीटर प्लास्टिकवर चालत नाही, तेव्हा किती उरलंय तेही कळत नाही. कडांवर तर मुळातच रंग पातळ. ओला रंग वाळताना धारेवरून मागे सरकतो. दाराच्या आतल्या चौकटीतही कारखाना रंग हातचा राखूनच मारतो. म्हणजे लहान पॅड जिथे जिथे जातं, नेमक्या त्याच जागा सगळ्यात नाजूक.

काही दुकानांत चार इंची ग्राइंडरला वेल्क्रोची प्लेट लावून काम चालतं, हे मला माहीत आहे आणि या सभागृहातही ते करणारे बसलेत. तो ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फिरतो. तीन इंची पॅडची कड तिथे सेकंदाला ४३ मीटर धावते. ते लोखंड कापायला बनलंय. जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीनं १९५४ साली पहिला वेगवान अँगल ग्राइंडर आणला, आणि आज तीच कंपनी मुठीत मावणारं पॉलिशिंग मशीन वेगळं बनवते. एकाच यंत्रात दोन्ही कामं भागली असती, तर त्यांनी हा खटाटोप केला नसता. ड्रिलला पॅड लावणं त्यामानानं कमी घातक, पण ड्रिलची बेअरिंग आडवा दाब सोसायला केलेली नसते. ती खिळखिळी होते आणि पॅड लंगडत फिरतं.

मग घ्यायचं काय? रोटरी की डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) हा वाद आपल्याकडे घराण्यांच्या अभिमानासारखा चालतो. मला त्यात रस नाही. डीए मशीनचं पॅड दोन हालचाली करतं: मध्यबिंदूभोवती डोलतं आणि स्वतःभोवती मोकळं फिरतं. ते मोकळं असल्यामुळे दाब वाढला किंवा वळण आलं की फिरणं थांबतं, नुसतं थरथरणं उरतं. रंग वाचतो, पण कामही होत नाही. यावर सोपा उपाय आहे. बॅकिंग प्लेटच्या बाजूला मार्करनं एक काळी रेघ मारा. रेघ फिरताना दिसली तर काम चालू आहे, थांबली तर हात हलका करा नाहीतर मशीन सरळ धरा. रोटरी मात्र वळणावर थांबत नाही, कापत राहते, आणि जाताना होलोग्राम, म्हणजे उन्हात चमकणारे पॅडचे पट्टे, ठेवून जाते. खोल ओरखड्याला ती हवीच, पण तिच्यामागून डीएचा हात फिरलाच पाहिजे.

डीए घेताना सगळे वॅट विचारतात, थ्रो, म्हणजे पॅड किती मिलिमीटर डोलतं ते, कोणी विचारत नाही. इटलीच्या रुपेसनं मोठ्या पॅडसाठी १५ आणि २१ मिलिमीटर थ्रोची मशिनं गाजवली, तेव्हापासून मोठा आकडा म्हणजे चांगलं मशीन असा समज पसरला. लहान पॅडला हा न्याय लागू नाही. जागा मोजताना पॅडचा व्यास अधिक थ्रो मोजा. ५० मिलिमीटरचं पॅड १२ मिलिमीटर थ्रोवर ६२ मिलिमीटर जागा खातं. हँडलच्या वाटीत ते बाजूच्या कडेवर आपटतं. ३० मिलिमीटरचं पॅड ३ मिलिमीटर थ्रोवर ३३ मध्ये भागवतं. म्हणून रुपेसच्या नॅनोत काय किंवा फ्लेक्सच्या पीएक्सई ८० मध्ये काय, रोटरी, १२ आणि ३ मिलिमीटर अशी तोंडं बदलता येतात. आणि मोठ्या डीए मशीनला लहान प्लेट लावून पैसे वाचवू नका. आतलं वजन मूळ प्लेटच्या हिशेबानं तोललेलं असतं. ते बिघडलं की मशीन हाताला झिणझिण्या आणतं, आणि पोराचं मनगट ही काही वॉरंटीत बदलून मिळणारी वस्तू नाही.

माझा कौल विचाराल तर पहिली खरेदी तीन इंची, १२ मिलिमीटरच्या आसपास थ्रो असलेलं डीए. लहान कामातलं बहुतेक त्यात निघतं, बुलेटची टाकीसुद्धा. त्यानंतर मोठ्या रोटरीला एक लांब जोडदांडा आणि दोन-तीन इंची प्लेट, आटे जुळतात ना हे बघून. ते पेनासारखं बारीक, बॅटरीवरचं मशीन सगळ्यात शेवटी. अपवाद एकच: जे सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये जाऊन काम करतात त्यांनी बॅटरीचं आधी घ्यावं. तिथे प्लग शोधण्यात आणि सेक्रेटरीला समजावण्यात अर्धी सकाळ जाते. दोन बॅटऱ्या मात्र हव्यातच.

मशीनमधून वाचलेले पैसे पॅडमध्ये घाला. यावर मी हट्टी आहे. लहान पॅड लवकर भरतं. कापलेला क्लिअर कोट आणि मेलेलं कंपाऊंड त्यात साचतं आणि तेच पुढे चरे पाडतं. मोठ्या पॅडचे चार नग एका गाडीला पुरत असतील, तर लहान आठ लागतील असं धरूनच चला. प्रत्येक भागानंतर ब्रश मारा किंवा हवेनं उडवा. पॅड प्लेटपेक्षा थोडं मोठंच हवं, सारखं असलं तर प्लेटची कड रंगाला भिडते. जाड फोम लहान मशीनची हालचाल स्वतःच पिऊन टाकतो, म्हणून पातळ घ्या. लोकर जोरात कापते आणि तुलनेनं थंड राहते, मायक्रोफायबर कापतं पण तापतं. आणि रंगावर जाऊ नका: एका कंपनीचं पिवळं पॅड कटिंगचं असतं, दुसरीचं फिनिशिंगचं. बोटांनी दाबून बघा. पावसाळ्यात धुतलेली पॅडं पिशवीत कोंबली की बुरशी धरतात. मशीनवर फिरवून पाणी झटका, पंख्याखाली वाळवा, उन्हात तापवू नका, वेल्क्रोचा गोंद सुटतो.

एक वेगळा वैताग बोलून टाकतो. हल्ली कंपन्या दाराच्या खांबांवर आणि डॅशबोर्डवर काळं चकचकीत प्लास्टिक लावतात, पियानो ब्लॅक म्हणतात त्याला. शोरूममध्येच त्यावर चरे पडलेले असतात. ज्यानं हे डिझाइन केलं त्याला महिनाभर आपल्या दुकानात फडकं मारायला बसवावं. तोपर्यंत: सगळ्यात मऊ फिनिशिंग पॅड, ३ मिलिमीटर थ्रो, डायल खाली, आणि बाजूला मास्किंग टेप. गिऱ्हाइकाला आधीच सांगा की हे पुन्हा चरणार आहे.

पैशांचं बोलतो आणि थांबतो. चार हँडल, दोन आरसे, पिलर, जाळी, नंबरप्लेटची जागा एवढं नीट करायला बोनेट आणि छताइतकाच वेळ जातो. आपण ते फुकटात देतो आणि मग पोराला घाई करायला लावतो. तेव्हा या मेळाव्यापुढे माझ्या दोन मागण्या आहेत. उद्यापासून प्रत्येक दुकानानं दरपत्रकात लहान पॅडच्या कामाची ओळ वेगळी लिहावी आणि त्याचा दर वेगळा घ्यावा. आणि प्रत्येकानं जवळच्या डेंटिंगवाल्याकडून एक टाकाऊ दार, एक बंपर आणून कोपऱ्यात ठेवावं. नवा मुलगा आला की त्याला तीन इंची मशीन त्यावर द्यावं, रंग जळेपर्यंत चालवू द्यावं. किती सेकंदांत जळतो हे त्यानं एकदा स्वतः पाहिलं, की मगच त्याला गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावू द्या.