तोफेवरचें पोर आणि त्याची आई
(एका सभेंत झालेलें भाषण)



व्हिक्टोरिया क्रॉस हें पदक आपल्या फौजी गांवांस नवें नाहीं. इटलींतील लढाईंत १९४४ सालीं यशवंत घाडगे यांनीं व १९४५ सालीं नामदेव जाधव यांनीं तें मिळविलें. आज त्याच पदकाच्या एका दर्यावरील मानकऱ्याची हकीकत सांगतों. तो इंग्लंडांतला, पण आपल्यासारख्याच कष्टकऱ्याच्या घरचा. नांव जॉन कॉर्नवेल. सगळे त्याला जॅक म्हणत.

१९०० सालीं लंडनजवळ लेटन येथें त्याचा जन्म झाला. शाळा सुटल्यावर तो मालाच्या गाडीवर पोऱ्या म्हणून राबला आणि १९१५ सालीं, पंधराव्या वर्षीं, आरमारांत शिरला. 'चेस्टर' या लढाऊ जहाजावर पुढच्या तोफेपाशीं त्याची नेमणूक झाली. काम काय? कानाला लावलेल्या यंत्रांतून हुकूम ऐकायचा आणि शत्रूच्या अंतराचा आंकडा तोफेच्या नेमावर लावायचा. आंकडा चुकला कीं गोळा पाण्यांत!

३१ मे १९१६ रोजीं जटलंडच्या लढाईंत चार जर्मन जहाजांनीं चेस्टरला गांठलें. तोफेपुढें पोलादी ढाल होती, पण ती खालपर्यंत पोंचत नव्हती. गोठ्याच्या दाराखालून साप शिरावा तसे गोळ्यांचे तुकडे त्या फटींतून आंत घुसले. कित्येक तोफवाल्यांचे पायच गेले. जॅकच्या भोंवतालचे गडी पडले. त्याच्या छातींत पोलाद रुतलें. तरी तो हुकमाची वाट पाहात जागेवर उभा राहिला. २ जूनला ग्रिम्स्बीच्या इस्पितळांत तो वारला. वय सोळा. आई पोंचण्यापूर्वींच पोर गेलें.

आतां पुढचें नीट ऐका. या वीराला आधीं गरिबांच्या सामायिक थडग्यांत पुरलें. पुढें सेनापति बीटी याच्या खलित्यांत त्याचें नांव आलें, वर्तमानपत्रांनीं ओरड केली, तेव्हां २९ जुलै रोजीं त्याला लष्करी इतमामानें पुन्हां माती दिली. ऑक्टोबरांत फौजेच्याच चाकरींत असलेला बाप वारला. नोव्हेंबरांत राजानें आईच्या हातीं पदक ठेवलें. नवरा जाऊन महिनाहि लोटला नव्हता. शाळाशाळांतून मुलांकडून पैसा पैसा जमवून अपंग खलाशांसाठीं निधि उभा राहिला. आई मात्र १९१९ सालीं हलाखींतच मेली.

मित्रहो, मी पदकाला नांवें ठेवीत नाहीं. जॅकनें तें आपल्या रक्तानें मिळविलें. पण पोर तेंच, धैर्यहि तेंच; मग सामायिक थडगें आणि लष्करी इतमाम यांत फरक कशाचा? फक्त गाजावाजाचा! म्हणून तुमच्या गांवीं जवानाचा सत्कार होईल तेव्हां हार जरूर घाला. पण परततांना त्याच्या आईच्या घरांत डोकावा आणि चूल पेटली आहे कीं नाहीं तें पाहा. तिची चूल थंड असेल, तर आपला हार फुकट गेला असें समजा.